पृथ्वीबाहेरचे जीवन : वणीच्या चुनखडकापासून गुरूच्या चंद्रापर्यंत

पृथ्वीखेरीज विश्वात दुसरीकडे जीवसृष्टी असल्याचा एकही निर्विवाद पुरावा आजवर मिळालेला नाही. ती कुठेच नाही, हेही कुणी सिद्ध केलेले नाही. वरवर एक वाटणाऱ्या या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. सूक्ष्मजीवांसारखे साधे जीवन इतरत्र आहे का, हा पहिला. विचार करणारे, यंत्रे घडवणारे आणि संदेश पाठवू शकणारे जीव आहेत का, हा दुसरा. कथा-चित्रपटांत दुसऱ्याचाच बोलबाला असतो. जीवनाच्या शोधातला बहुतेक पैसा आणि वेळ मात्र पहिल्यावर खर्च होतो. असे का, ते पृथ्वीच्या इतिहासावरून कळते, आणि त्या इतिहासाची काही पाने यवतमाळ जिल्ह्यातच उघडी पडलेली आहेत.

यवतमाळच्या खडकांतील साक्ष

यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले, त्याचाच हा भाग. कापूस पिकवणारी काळी माती याच कातळाची झीज होऊन बनली. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वणी परिसरात, याहून जुने खडक वर येतात. तिथला दगडी कोळसा गोंडवन काळातला, पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या जंगलांचा. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, आता नामशेष झालेल्या वनस्पती त्या जंगलांत वाढत होत्या. राजूरच्या चुनाभट्ट्यांना आणि मुकुटबनच्या सिमेंट उद्योगाला कच्चा माल पुरवणारा चुनखडक त्याहूनही कितीतरी जुना आहे. भूशास्त्रज्ञ त्याला पैनगंगा गटात घालतात. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे असलेल्या उथळ समुद्राच्या तळाशी तो साचला.

त्या समुद्रात मासे नव्हते, शंख-शिंपले नव्हते. सूक्ष्मजीव आणि साधी शैवाले एवढेच काय ते जीवन होते, आणि किनाऱ्यावरची जमीन उघडीबोडकी होती. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेले सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे खडक सापडले आहेत, म्हणजे जीवन निदान तेव्हापासून आहे. पेशींचा समूह होऊन बनलेले प्राणी मात्र गेल्या साठेक कोटी वर्षांतलेच. याचा हिशेब सरळ आहे. जीवसृष्टीच्या एकूण इतिहासातला चार-पंचमांशाहून अधिक काळ पृथ्वीवर सूक्ष्मजीवांचेच राज्य होते. रेडिओ लहरी पाठवणारा माणूस तर जेमतेम सव्वाशे वर्षांचा. दुसऱ्या एखाद्या ग्रहावर जीवन असलेच, तर आपण पाहू त्या वेळी ते सूक्ष्मजीवांच्या पायरीवर असण्याची शक्यता सर्वांत मोठी आहे, हा निष्कर्ष यातूनच निघतो. अर्थात हा निष्कर्ष एकाच उदाहरणावर उभा आहे आणि त्याची ही मर्यादा कायम लक्षात ठेवावी लागते.

जीवनाला काय लागते

आपल्याला ठाऊक असलेल्या जीवनाला तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे द्रवरूप पाणी. दुसरी म्हणजे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस आणि गंधक ही मूलद्रव्ये. तिसरी म्हणजे ऊर्जेचा सतत पुरवठा. मूलद्रव्यांचा विश्वात तुटवडा नाही. पाण्याचे रेणूही धूमकेतूंपासून दूरच्या तेजोमेघांपर्यंत सर्वत्र आढळतात. अडचण असते ती पाणी द्रवरूपात दीर्घकाळ टिकण्याची आणि ऊर्जा मिळत राहण्याची.

एके काळी सूर्यप्रकाशाशिवाय आणि सौम्य तापमानाशिवाय जीवनाची कल्पनाही करता येत नव्हती. गेल्या पन्नास वर्षांत ही समजूत मोडीत निघाली. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ खोल समुद्रतळाशी उष्ण पाण्याचे झरे आढळले. तिथल्या गडद अंधारात, खडक आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियांतून मिळणाऱ्या ऊर्जेवर अख्खी जीवसृष्टी पोसली जात होती. महाराष्ट्रातही याला जोड देणारे संशोधन झाले आहे. कोयना परिसरातल्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी कराडजवळ खोल विंधनछिद्रे घेण्यात आली. तिथे वरचा बेसॉल्ट सुमारे एक किलोमीटर जाडीचा असून त्याखाली ग्रॅनाइट लागतो. एवढ्या खोलीवरून काढलेल्या खडकांच्या नमुन्यांतही जीवाणू आणि आर्किया या गटातले सूक्ष्मजीव असल्याचे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना आढळले. उजेड नाही, अन्न जवळपास नाही, तापमान आणि दाब वाढत चाललेला, तरीही खडकाच्या बारीक भेगांत जीवन तग धरून आहे. मंगळाच्या पृष्ठभागावर जीवन टिकणे अवघड असले, तरी त्याच्या पोटात ते असू शकेल, असे संशोधक म्हणतात ते अशाच निरीक्षणांच्या आधारे.

दुसरे उदाहरण लोणारचे. यवतमाळहून पश्चिमेला वाशीम जिल्हा ओलांडला की बुलढाणा जिल्ह्यात हे विवर लागते. आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा आहे. आधीच्या कालमापनात त्याचे वय पन्नासेक हजार वर्षे मानले जाई. आर्गॉन समस्थानिकांवर आधारलेल्या नंतरच्या मापनाने ते सुमारे ५.७ लाख वर्षे ठरले. विवरातल्या सरोवराचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास असतो, म्हणजे जवळपास साबणाच्या पाण्याइतका. तरीही त्यात नील-हरित शैवाले, मिथेन तयार करणारे आर्किया आणि क्षारप्रिय जीवाणू सुखाने नांदतात. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. क्षारप्रिय आर्कियांच्या शरीरातील रंगद्रव्यामुळे तो रंग आला होता.

ग्रहविज्ञानाच्या दृष्टीने लोणारचे महत्त्व त्याच्या खडकात आहे. मंगळाचे कवचही मुख्यतः बेसॉल्टचे असून त्यावर असंख्य आघाती विवरे आहेत. त्यांतल्या काहींत पूर्वी सरोवरे होती. बेसॉल्टमधले विवर, त्यात साचलेले पाणी आणि त्या पाण्यातले सूक्ष्मजीव ही तिन्ही एकत्र पाहायला मिळतील अशा जागा पृथ्वीवर फार थोड्या आहेत. अशा सरोवराच्या गाळात जीवनाच्या कोणत्या खुणा उरतात आणि कोणत्या पुसल्या जातात, हे कळले की मंगळावर काय शोधायचे हेही कळते.

सूर्यमालेतील ठिकाणे

मंगळावर जीवन शोधण्याचा पहिला थेट प्रयत्न १९७६ साली व्हायकिंग यानांनी केला. मातीत पोषक द्रव घालून सूक्ष्मजीव तो पचवतात का, हे पाहणाऱ्या एका प्रयोगाचा निकाल सकारात्मक वाटला. दुसऱ्या उपकरणाला मात्र मातीत सेंद्रिय रेणू सापडले नाहीत. २००८ साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट क्षार आढळले, आणि व्हायकिंगला मिळालेला प्रतिसाद निव्वळ रासायनिक असू शकतो, या मताला बळ आले. क्युरिऑसिटी या बग्गीने मंगळाच्या हवेत मिथेनची अल्प मात्रा वेळोवेळी नोंदवली, पण ग्रहाभोवती फिरणाऱ्या युरोपीय यानाला तो वायू सापडला नाही. हा तिढा अजून सुटलेला नाही.

पर्सिव्हिअरन्स ही बग्गी फेब्रुवारी २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरली. तीन अब्जांहून अधिक वर्षांपूर्वी इथे नदी येऊन मिळत होती आणि सरोवर होते. जुलै २०२४ मध्ये तिथल्या एका खडकावर बिबट्याच्या कातडीवर असतात तसे ठिपके दिसले. त्यांत व्हिव्हिअनाइट आणि ग्रीगाइट ही लोहयुक्त खनिजे असावीत, असे सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मांडले आहे. पृथ्वीवर अशी खनिजे अनेकदा सूक्ष्मजीवांच्या क्रियेने तयार होतात, पण जीवनाशिवायही ती बनू शकतात. म्हणूनच संशोधकांनी त्यांना जीवनाचा पुरावा न म्हणता ‘संभाव्य जैवखूण’ म्हटले. खडकाचा नमुना कुपीत बंद करून ठेवला आहे. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तो तपासला जाईपर्यंत निर्णय देता येणार नाही.

मंगळापलीकडे लक्ष वेधून घेतात ते गुरू आणि शनी यांचे बर्फाळ चंद्र. गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाच्या कवचाखाली खारा महासागर असावा आणि त्यातले पाणी पृथ्वीवरच्या सर्व महासागरांपेक्षा जास्त असावे, असा अंदाज आहे. गुरूभोवती फिरताना त्याच्या गुरुत्वाकर्षणाने हा चंद्र सतत ताणला-दाबला जातो. त्यातून उष्णता निर्माण होते आणि पाणी गोठत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर हे यान २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचणार आहे. तिथे जीवन टिकण्याजोगी परिस्थिती आहे का, हे ते तपासेल. प्रत्यक्ष जीव शोधण्याची उपकरणे त्यावर नाहीत.

शनीचा एन्सेलेडस हा चंद्र जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा आहे. कॅसिनी यानाला २००५ साली त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फकण अवकाशात उसळताना दिसले. यान त्या फवाऱ्यांतून गेले आणि त्याला त्यांत क्षार, सेंद्रिय रेणू व हायड्रोजन वायू सापडला. २०२३ मध्ये जुन्या नोंदींच्या विश्लेषणातून फॉस्फेटही असल्याचे दिसले. जीवनाला लागणाऱ्या बहुतेक वस्तूंची यादी इथे पूर्ण होते. शनीच्याच टायटनवर उणे १८० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत मिथेन आणि इथेनची सरोवरे आहेत. तिथे जीवन असेल तर ते पाण्यावर नव्हे, वेगळ्याच रसायनांवर उभे असावे लागेल.

आकाशातून येणारा माल

जीवनाचे कच्चे साहित्य अवकाशात आपोआप तयार होते, याबद्दल आता शंका उरलेली नाही. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत अनेक अमिनो आम्ले सापडली. बेन्नू या लघुग्रहावरून सप्टेंबर २०२३ मध्ये आणलेल्या नमुन्यात, सजीवांच्या प्रथिनांत असणाऱ्या २० अमिनो आम्लांपैकी १४ मिळाली. डीएनए आणि आरएनए यांच्या बांधणीतले पाचही नत्रयुक्त घटकही त्यात होते.

जीवन स्वतःच एका ग्रहावरून दुसऱ्यावर जात असेल का? खडक तरी जातात, हे नक्की. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटी येथे पडलेला दगड मंगळावरून आलेला होता, हे नंतरच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंगे यांनी याहून पुढे जाऊन, सूक्ष्मजीव धूमकेतूंमार्फत विश्वभर पसरतात असे मत मांडले.

हे मत प्रयोगाने तपासण्याचे काम हॉईल यांचे शिष्य डॉ. जयंत नारळीकर यांनी हाती घेतले. कोल्हापूरला जन्मलेले आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक असलेले नारळीकर या प्रयोगांचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. हैदराबादच्या बलून केंद्रातून जानेवारी २००१ आणि एप्रिल २००५ मध्ये मोठे फुगे सोडण्यात आले. दुसऱ्या खेपेला फुग्यासोबत ४५९ किलोग्रॅमची सामग्री होती आणि द्रवरूप निऑनने थंड केलेल्या निर्जंतुक नळकांड्यांत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली गेली. हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्र संस्था आणि पुण्याचे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र यांनी नमुने स्वतंत्रपणे तपासले. त्यांत जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. तीन जीवाणू तोवर अज्ञात होते आणि जवळच्या जातींपेक्षा अतिनील किरणांना जास्त तोंड देणारे होते. त्यांची जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय अशी नावे २००९ मध्ये जाहीर झाली.

हे जीवाणू पृथ्वीबाहेरून आले, असे यावरून सिद्ध होत नाही, हे या प्रयोगांना पाठबळ देणाऱ्या इस्रोने त्याच वेळी स्पष्ट केले होते. वादळे आणि ज्वालामुखी जमिनीवरचे सूक्ष्मजीव खूप उंच नेऊ शकतात. तिन्ही जीवाणूंची जनुकीय रचना पृथ्वीवरच्या जातींना अगदी जवळची आहे. बॅसिलस आर्यभट्टाय तर पुढे शेतजमिनीतल्या मातीतही सापडला. मूळ प्रश्न अनिर्णित राहिला तरी, स्थितांबराच्या विरळ, कोरड्या आणि अतिनील किरणांनी भरलेल्या हवेत जीव टिकतात, हे या प्रयोगातून पक्के झाले.

दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह

सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ यांनी शोधला. त्यासाठी त्यांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सप्टेंबर २०२५ पर्यंत इतर ताऱ्यांभोवतीच्या ज्ञात ग्रहांची, म्हणजे बाह्यग्रहांची, संख्या ६,००० च्या वर गेली. बहुतेक ग्रह थेट दिसत नाहीत. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो आणि ही घट मोजून ग्रहाचा माग काढला जातो. पृथ्वी सूर्यासमोरून जाताना दूरच्या निरीक्षकाला सूर्याच्या उजेडात दहा हजारांत एका भागाहूनही कमी घट दिसेल. कामाची नाजुकता यावरून ध्यानात येते.

ताऱ्यापासून फार जवळ नाही आणि फार दूर नाही, अशा ज्या पट्ट्यात पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकते, त्याला वसतियोग्य पट्टा म्हणतात. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा हा ४.२ प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याच्या अशा पट्ट्यात २०१६ मध्ये एक ग्रह सापडला. सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या आकाराचे सात ग्रह आहेत आणि त्यांतले काही या पट्ट्यात येतात. दोन्ही तारे लहान आणि तांबडे आहेत. असे तारे वारंवार तीव्र ज्वाला फेकतात, त्यामुळे त्यांच्या ग्रहांवर वातावरण टिकले आहे का, हाच पहिला प्रश्न ठरतो.

वातावरण असेल, तर ताऱ्याचा उजेड त्यातून गाळून येताना वायूंच्या खुणा वर्णपटात उमटतात. जेम्स वेब दुर्बीण याच पद्धतीने काम करते. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी, सुमारे १२० प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड असल्याची चिन्हे मांडली. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येतो. इतर गटांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा खूण पुरेशी ठळक नसल्याचे त्यांचे मत पडले. शिवाय हाच रेणू एका धूमकेतूवरही आढळला आहे, म्हणजे तो जीवनाशिवाय बनतो.

संदेशांचा शोध

बुद्धिमान जीवांचा शोध रेडिओ लहरींनी सुरू झाला. १९६० साली फ्रँक ड्रेक यांनी दोन जवळच्या ताऱ्यांकडे रेडिओ दुर्बीण रोखली. पुढच्याच वर्षी त्यांनी आकाशगंगेतल्या संदेशक्षम संस्कृतींचा अंदाज बांधणारे समीकरण मांडले. तारे किती जन्मतात, किती ताऱ्यांना ग्रह असतात, त्यांतल्या किती ग्रहांवर जीवन सुरू होते, ते बुद्धीपर्यंत पोहोचते का आणि अशी संस्कृती किती काळ टिकते, या घटकांचा त्यात गुणाकार आहे. पहिल्या दोन घटकांचे आकडे आता बऱ्यापैकी ठाऊक आहेत. उरलेल्यांचे नाहीत, म्हणून उत्तर शून्याजवळही येते आणि लाखांतही. आकाशगंगेत निदान दहा हजार कोटी तारे असूनही कुणाचीच चाहूल का लागत नाही, हा एन्रिको फर्मी यांनी १९५० मध्ये विचारलेला प्रश्न अजून तसाच उभा आहे.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेली जीएमआरटी ही प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या स्कियापरेली यानाचा क्षीण संदेश तिने टिपला होता. कृत्रिम संदेश ओळखण्याची तिची कुवत त्यातून दिसली. जानेवारी २०२३ मध्ये ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला ‘संदेश’ या दुर्बिणीला मिळाल्याची बातमी गाजली. तो मात्र एका दूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजन वायूचा नैसर्गिक रेडिओ उत्सर्ग होता आणि त्याचा परग्रहवासीयांशी काही संबंध नव्हता.

माणसाने स्वतःची ओळखही पाठवून ठेवली आहे. १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. त्यावरच्या ५५ भाषांतील अभिवादनांत मराठी आहे, आणि संगीतात गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी आहे. व्हॉयेजर-१ ला दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या आसपास पोहोचायला सुमारे ४०,००० वर्षे लागतील, त्यामुळे उत्तराची अपेक्षा या उपक्रमात नाहीच.

पुराव्याची कसोटी

आतापर्यंतच्या प्रत्येक दाव्याची गाठ एकाच प्रश्नाशी पडली : हीच खूण पृथ्वीबाहेरच्या जीवनाशिवाय मिळू शकते का? व्हायकिंगची माती, जेझेरोचे ठिपके, हैदराबादच्या फुग्यांतले जीवाणू आणि के२-१८बीचा वायू, या चारही ठिकाणी उत्तर ‘होय’ किंवा ‘कदाचित’ असे आले. म्हणून आता एकाच खुणेवर भर न देता अनेक स्वतंत्र खुणा एकत्र जुळतात का, हे पाहिले जाते. ऑक्सिजन आणि मिथेन एकाच वातावरणात भरपूर असणे ही त्यातली एक. हे वायू एकमेकांशी क्रिया करून संपतात, त्यामुळे दोन्ही टिकून असतील तर ते कुणीतरी सतत तयार करत असले पाहिजे. वेगळ्या गटाने, वेगळ्या उपकरणाने तोच निष्कर्ष काढणे ही दुसरी अट.

सूर्यमालेतच पृथ्वीहून स्वतंत्रपणे उगवलेले जीवन सापडले, तर त्याचा अर्थ फार मोठा असेल. एका ताऱ्याभोवती दोनदा घडलेली गोष्ट कोट्यवधी ताऱ्यांभोवती घडलेली असणार, असे मग म्हणता येईल. मात्र मंगळावरचा जीव पृथ्वीवरच्या जीवांचा नातलग निघाला, तर शेरघाटीच्या दगडासारख्या प्रवासाने तो इथून तिथे किंवा तिथून इथे गेला, एवढेच ठरेल आणि मूळ संख्या एकच राहील. काहीच सापडले नाही, तर शोधलेली जागा रिकामी आहे इतकाच निष्कर्ष निघेल, कारण आतापर्यंत तपासलेला भाग विश्वाच्या मानाने नगण्य आहे.

सध्याची स्थिती अशी आहे : जीवनाला लागणारे साहित्य विश्वात मुबलक आहे, योग्य परिस्थितीच्या जागा अनेक आहेत, आणि साहित्यापासून सजीव पेशीपर्यंतची पायरी किती वेळा ओलांडली गेली याचे माहीत असलेले उत्तर एक एवढेच आहे.